मे महिन्याचा चारा ऑक्टोबरात पेरावा लागतो

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या दावणीला एक जरी गाय-म्हैस आहे त्यांनी चहाचा कप घेऊन बसा आणि वाचा. ज्यांच्याकडं जनावर नाही, पण रोज सकाळी दुधाची पिशवी येते, त्यांनीही वाचायला हरकत नाही.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बायपासला चाऱ्याच्या पिकअप उभ्या राहतात, तिथं मी बातमीसाठी गेलो होतो. साडेसहा वाजले असतील. एक मावशी आल्या. दोन गाया, शेती नाही, वैरण सगळी विकत. हिरव्या मक्याची पेंढी हातात घेऊन त्यांनी उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "भाऊ, पेंढी बारीक झाली का माझे डोळे अधू झाले?" विकणारा हसला. "डोळे चांगले आहेत मावशी." भाव तोच होता, पेंढी लहान झाली होती. मावशींनी सहाच्या जागी चार पेंढ्या घेतल्या. मी विचारलं, पुरतील का दोघींना? म्हणाल्या, "पुरत नाय बाबा. आज एकीला पोटभर, उद्या दुसरीला."

त्या दिवशी मी बातमी लिहिली, 'चारा महागला, पशुपालक हवालदिल'. संध्याकाळी सहज जुनी कात्रणं काढली. २०१३ ला मीच लिहिलंय, चारा महागला. २०१६ ला तेच, २०१९ ला तेच, २०२४ ला तेच. फक्त फोटो वेगळा. वीस वर्षं पत्रकारिता करून माझ्या लक्षात आलं की चाऱ्यावर आपण सगळे मे महिन्यात बोलतो. मी, अधिकारी, पुढारी, सगळेच. आणि मे महिन्यात त्यावर काही करता येत नाही. मेमध्ये गव्हाणीत जे पडतं ते आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठरलेलं असतं.

म्हणून यंदा दसरा झाल्या झाल्या लिहितोय. विषय आहे ओट.

हो, तोच ओट. किराणा दुकानात रंगीत पुड्यात मिळतो, डॉक्टर शुगरवाल्यांना नाश्त्याला खायला सांगतात, तो. आपण माणसं खातो त्या ओटचा बराचसा दाणा ऑस्ट्रेलियातून येतो. मी बोलतोय तो हिरव्या चाऱ्याचा ओट, ज्याला उत्तरेकडं जई म्हणतात. उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, काश्मीरकडं हे रब्बीचं नेहमीचं चारापीक आहे. आपल्याकडं दहा गोठ्यांत विचारलं तर दोघांनी लावलेला असतो, तिघांनी ऐकलेला असतो आणि बाकीचे म्हणतात, "ते खायचं असतंय ना?"

आधी परिस्थिती बघू.

झाशीला भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था आहे, १९६२ पासून. तिच्या अंदाजानुसार देशात हिरव्या चाऱ्याची तूट सुमारे ११ टक्के, वाळल्या चाऱ्याची २३ टक्के आणि खुराकाची जवळपास २९ टक्के आहे. लागवडीखालच्या एकूण जमिनीपैकी चाऱ्याला मिळते ती चार टक्क्यांच्या आसपास, आणि हा आकडा कित्येक वर्षं तिथंच अडकलाय. इकडं २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गोवंश सुमारे १ कोटी ४० लाख आणि म्हशी ५६ लाख. म्हणजे खाणारी तोंडं पावणेदोन कोटींच्या पुढं, आणि पेरताना चाऱ्याला जागा बांधावर, नाहीतर विहिरीच्या कडेला.

हे झालं देशाचं आणि राज्याचं. आपल्या पट्ट्यात, म्हणजे राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, राहाता, या भागात काय चाललंय ते तर डोळ्यांसमोर आहे. तीन गोष्टी मागं सरकताहेत.

पहिली, कडबा. रब्बी ज्वारीचं क्षेत्र घटत चाललंय. काढणीला माणूस मिळत नाही, भावाची खात्री नाही, कांद्याची लालूच मोठी. मालदांडीच्या कडब्याची गंज ज्या घरापुढं असायची ते घर शहाणं समजलं जायचं. मुलगी द्यायला आलेले पाहुणे गंज बघून जायचे. आता त्या जागी ट्रॅक्टर उभा असतो.

दुसरी, उसाचे वाढे. नोव्हेंबर ते मार्च कारखाने चालतात तोवर वाढ्यांवर आपले निम्मे गोठे निघतात. पण तोडणी कामगार कमी झाले, हार्वेस्टर वाढले. हार्वेस्टर शेंडा छाटून शेतातच उडवून देतो. मशीननं ऊस गेलेल्या रानात मोळी बांधायला वाढं शिल्लक राहत नाही.

तिसरी, मका. मुरघासानं खरोखर अनेकांना तारलं, ते मान्यच करायला हवं. पण इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली तसं शेतकऱ्याचं डोकं फिरलं. कणीस भरलं की तो विचार करतो, हिरवा कापून बॅगेत भरू की दाणा करून विकू? भाव बरा असला की दाणा जिंकतो.

या तिन्हींच्या जागी आपण काय आणलं? पेंड. गोळी पेंड तीस रुपये किलोच्या पुढं, सरकी पेंडेचा भाव तर विचारूच नका. दुधाच्या उत्पादन खर्चात ६० ते ७० टक्के वाटा जनावराच्या खाण्याचा असतो, हे पशुवैद्यकीयचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. दुधाच्या दरासाठी २०२४ मध्ये आंदोलनं झाली, सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागं आधी ५, मग ७ रुपये अनुदान दिलं. ती लढाई गरजेची आहे, मी तिच्या बाजूनं लिहिलंय आणि लिहीन. पण दर ठरवणं आपल्या हातात नाही. खाण्याचा खर्च थोडाफार आहे.

आता ओट का?

हिवाळ्यात आपलं नेपियर गवत मंदावतं. थंडी पडली की ते नुसतं उभं राहतं, वाढत नाही. ओटचं उलटं आहे. त्याला थंडीच मानवते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत पेरायचं, ओळीत एक फूट अंतर, बियाणं एकरी चाळीस किलो. लक्षात ठेवायला सोपं, गुंठ्याला एक किलो. दहा-बारा दिवसांनी पाणी. ५० ते ५५ दिवसांत पहिली कापणी, जमिनीपासून चार बोटं वर ठेवून. खाली घासून कापलं की फुटवा मेला. मग खत-पाणी दिलं की ३५-४० दिवसांत दुसरी. दोन कापण्यांत एकरी अठरा ते वीस टन हिरवा चारा निघतो. खोड मऊ, पानं भरपूर, जनावर गव्हाणीत उष्टं ठेवत नाही. प्रथिनं कोरड्या वजनावर साधारण नऊ-दहा टक्के, कडब्यापेक्षा कितीतरी जास्त.

दोन गाईवाल्याचा हिशोब करू. दहा गुंठे ओट. बियाणं दहा किलो. पहिली कापणी अडीच टनाच्या आसपास. दोन गाईंना रोज प्रत्येकी वीस किलो म्हटलं तर दोन महिने. मात्र सगळे दहा गुंठे एकाच दिवशी पेरू नका, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन तुकडे करा, नाहीतर शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेपर्यंत तो निबर होतो. दुसऱ्या कापणीत दोन टन धरा. त्याचं काय करायचं ते खाली सांगतो, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथं आहे.

एवढं चांगलं आहे तर लोक लावत का नाहीत? मी गेले दोन महिने गोठ्यागोठ्यात हेच विचारत फिरलो. तीन उत्तरं मिळाली, तिन्ही खरी आहेत.

एक. "ओट तयार होतो तेव्हा वाढे स्वस्तच असतात." बरोबर. जानेवारीत आपल्याकडं हिरव्याची टंचाई नसते. मग पाणी, खत, रान ओटात कशाला घालायचं? फक्त एक आठवण करून देतो. नुसत्या वाढ्यांवर गाय ठेवली की त्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. मग गाय वेळेवर माजावर येत नाही, विल्यावर बसते, आणि डॉक्टरचं बिल येतं. स्वस्त वाढ्यांची किंमत तिथं वसूल होते. निम्मे वाढे, निम्मा ओट आणि सोबत खनिज मिश्रण, असं केलेल्या गोठ्यांचा अनुभव बरा आहे.

दोन. "बी चांगलं मिळत नाही." याचा चटका मी स्वतः खाल्लाय. आमच्या घरी धाकटा भाऊ पाच गाई सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं वीस किलो बी आणलं. पिशवीवर उगवण ८५ टक्के छापलेली, जी प्रमाणित ओट बियाण्याला किमान लागतेच. रान उगवलं टक्कल पडल्यासारखं. उरलेलं मूठभर बी होतं, त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. अठ्ठावन्न उगवले. दुकानदार म्हणाला, यंदा थंडी कमी पडली. म्हणजे गोणपाटालाही थंडी कमी पडली असणार! पक्की पावती घेतलेली नव्हती, त्यामुळं तक्रार करायला तोंड नव्हतं. दुसऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्या पत्रकाराच्या घरातली ही कथा. म्हणून सांगतो, पक्की पावती घ्या, पिशवीवरचा टॅग फेकू नका, मूठभर बी बाजूला ठेवा आणि पेरायच्या आठवडाभर आधी शंभर दाण्यांची परीक्षा घ्या. उगवण बिघडली तर तालुका तक्रार निवारण समिती असते, पण ती कागद मागते.

आणि या बियाण्याच्या गोष्टीत एक काटा आहे, तो मला कायम टोचतो. महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्या राहुरीत आहे. चारापिकांचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प तिथं चालतो. फुले हरिता आणि फुले सुरभि हे ओटचे वाण तिथंच तयार झाले. फुले जयवंत नेपियर तिथलंच, आणि ज्या आफ्रिकन टॉल मक्यावर अर्धा महाराष्ट्र मुरघास करतो तो याच विद्यापीठाच्या कोल्हापूरच्या केंद्राचा. विद्यापीठाच्या गेटपासून अर्ध्या तासावरच्या दुकानात मात्र बहुतेक वेळा काय मिळतं? उत्तरेतून आलेली, केंट नावाची पिशवी. केंट वाईट नाही, जुना, ठीकठाक वाण आहे. पण आपल्या हवेसाठी आपल्या दारात तयार झालेलं बी आपल्यालाच मिळू नये, हे काही पटत नाही.

असं का होतं? शास्त्रज्ञ आपलं काम करतात, वाण निघतात. अडतं ते पुढं, बीजोत्पादनात. चाऱ्याचं बी करायचं म्हणजे उभं पीक दाणा पिकेपर्यंत ठेवायचं. नेमका त्याच वेळी, मार्चमध्ये, हिरव्याचा भाव चढायला लागतो. शेतकरी म्हणतो, कशाला बी धरू, कापून मोकळा होतो. कापला, की पुढच्या वर्षाचं बी गेलं. त्यात दाणा पिकला की गळतो, पाखरं तुटून पडतात. बियाण्याच्या भावाची आधी हमी नसेल तर हा उपद्व्याप कोण करणार?

पण इथंच एक सोपी वाट आहे. ओट स्वपरागीत पीक आहे, गव्हासारखं. संकरित मक्यासारखं दरवर्षी नवं बी घ्यावं लागत नाही. एकदा खात्रीचं बी आणलं की स्वच्छ ठेवून तीन-चार वर्षं घरचंच वापरता येतं. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क दिलाय. पहिल्या कापणीनंतर एक एकर बियाण्यासाठी सोडला तर चार-पाच क्विंटल बी मिळतं. तेवढ्यात पुढच्या वर्षी दहा-बारा एकर पेरून होतो. म्हणजे एका गावाला बियाण्यात स्वयंपूर्ण व्हायला दोन एकर पुरतात. दूध संस्थेनं दोन चांगले शेतकरी धरले, आधी भाव ठरवून दिला, की झालं. एवढ्यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही.

तीन. "विकायचा कुठं आणि कसा?" हे तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं वाटतं मला.

आपल्याकडं चारा कसा विकतात ते आठवा. मेथी घास वाफ्यावर, मका गुंठ्यावर, कडबा शेकड्यावर, वाढे मोळीवर आणि बायपासला पेंढीवर. वजनावर काय विकतात? मुरघास, आणि तोही अलीकडं. सोनं मिलिग्रॅमवर, कांदा काट्यावर, दुधाचा फॅट पॉइंटवर आणि चारा मात्र नजरेवर! ज्या घरात दुधाचा एसएनएफ ०.१ नं कमी लागला तर दर कापला जातो, त्याच घरात येणारा चारा मुठीच्या अंदाजानं येतो. घेणारा फसतो तसा पिकवणाराही फसतो, कारण चांगला ओट आणि निबर ओट एकाच भावात जातो.

शिवाय हिरव्याच्या वजनात पाणी किती, तेही बघायला हवं. कोवळ्या ओटच्या शंभर किलोत ऐंशी किलो पाणीच असतं. हिरवा ओट तीन रुपये किलोनं घेतला तर त्यातला कोरडा भाग पडतो पंधरा रुपये किलो. सकाळी दव असताना कापलेला असेल तर आणखी महाग. पाण्याला भाडं देऊन आपण ते पिकअपमधून फिरवतो.

आता माझं मुख्य म्हणणं. ओट जानेवारीत हिरवा खाऊन संपवण्याऐवजी त्याची दुसरी कापणी वाळवून मेसाठी ठेवायला हवी.

ओटचं खोड बारीक आणि पोकळ असतं. मक्या-नेपियरसारखं ते आतून ओलं राहून सडत नाही. फुलोऱ्यात किंवा दाण्यात दूध भरताना कापायचं, रानात पातळ पसरायचं, दुपारी एकदा उलटायचं. आपल्या फेब्रुवारीच्या उन्हात तीन-चार दिवसांत खडखडीत वाळतो आणि रंग हिरवट राहतो. पेंढ्या बांधून सावलीत रचून ठेवला की झालं. वाळला की नाही हे बघायला यंत्र नको. मूठभर घेऊन पिळा, हाताला दमटपणा लागता कामा नये. ओला रचला तर गंज आतून तापते, बुरशी धरते, तो चारा जनावराला घालू नका.

वर सांगितलेल्या दहा गुंठ्यांची दुसरी कापणी, दोन टन हिरवी, वाळून होते साधारण पाच क्विंटल. दोन गाईंना रोज चार-चार किलो धरा. दोन महिने. म्हणजे सबंध एप्रिल आणि मे. हिरव्याची पूर्ण जागा तो घेत नाही, पण कडब्याची घेतो आणि कडब्यापेक्षा सरस आहे. मावशींच्या दोन गाईंचं पोट मे महिन्यात भरायला दहा गुंठे, आणि त्यांची एक कापणी, एवढंच हवं होतं.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. काश्मीरात ओट वाळवून बर्फाच्या दिवसांसाठी ठेवतात. आणि ऑस्ट्रेलियाचं बघा. ओटच्या वाळल्या चाऱ्याचा जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार तो आहे. कापतात, वाळवतात, यंत्रानं दाबून गाठी बांधतात, तंतू किती आणि साखर किती ते प्रयोगशाळेत तपासतात, त्यावर प्रत ठरते, प्रतीवर भाव ठरतो आणि कंटेनर निघतो जपानला, कोरियाला, तैवानला, चीनला. २०२१ मध्ये चीननं त्यांच्या बहुतेक निर्यातदारांच्या परवान्यांचं नूतनीकरण केलं नाही, २०२३ मध्ये पुन्हा दार उघडलं, तोवर त्यांना दुसरी गिऱ्हाइकं शोधावी लागली. आपल्याला निर्यातीची स्वप्नं बघायची गरज नाही. आपलं गिऱ्हाईक तीस किलोमीटरवर आहे. मुद्दा एवढाच, की समुद्र ओलांडून जाणारा हा माल आपल्याकडं तालुकाही ओलांडत नाही, कारण त्याला वजन नाही, प्रत नाही आणि गोदाम नाही.

आणि कधी तालुका ओलांडायला निघालाच तर बंदी असते. टंचाईचं वर्ष आलं की काही जिल्ह्यांत चारा जिल्ह्याबाहेर न्यायला मनाई होते. हेतू चांगला असतो. परिणाम काय होतो? ज्यानं शहाणपणानं चारा पिकवला, त्याचा भाव पडतो. पुढच्या वर्षी तो कांदा लावतो.

सरकारी पैशाचंही बघू. २०१९ च्या दुष्काळात राज्यात चारा छावण्यांत दहा लाखांच्या आसपास जनावरं होती. मोठ्या जनावरामागं दिवसाला आधी ९०, पुढं १०० रुपये दिले गेले. छावण्या नको होत्या असं मी म्हणत नाही. तिथं मी राहून आलोय, पाणीच नसलेल्या माणसाला दुसरा आधार नव्हता. पण एका जनावरावर छावणीत शंभर दिवसांत दहा हजार रुपये जातात, आणि दहा गुंठ्यांचं ओटचं बी आमच्या भावाला आठशे रुपयांत मिळालं होतं. ज्याच्या विहिरीला डिसेंबरपर्यंत पाणी आहे त्याला वेळेवर आठशेचं बी दिलं असतं, तर छावणीवरचा थोडा तरी भार हलका झाला असता. वैरण बियाणं अनुदानावर देण्याची योजना आहे, नाही असं नाही. प्रश्न एकच विचारतो, बियाणं पेरणीच्या आधी पोचतं की पेरणी झाल्यावर? कमेंटमध्ये तुम्हीच सांगा.

खरी अडचण मला अशी दिसते की चाऱ्याला मायबाप नाही. पीक म्हणून ते कृषी खात्याचं, खाणारं जनावर पशुसंवर्धन खात्याचं. एकाकडं विचारलं की दुसऱ्याकडं बोट. पीकविम्याच्या रब्बी यादीत गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, पण चाऱ्याचा ओट नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास आणि चारा प्रक्रिया उद्योगाला ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. चांगली योजना आहे. पण ती प्रकल्प अहवाल आणि बँकेची मंजुरी मिळवू शकणाऱ्यांसाठी. दोन गाईवाल्या मावशी त्या अर्जाच्या पहिल्या पानावरही बसत नाहीत.

आता कुणी म्हणेल, पत्रकारसाहेब, तुम्ही ओटची जाहिरात करताय. नाही. त्याच्याही मर्यादा सांगतो. पाण्याची खात्री नसेल तर लावू नका, त्यापेक्षा ज्वारी बरी. डिसेंबरात पेरून उपयोग नाही. २०२३ चा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण ठरला होता. ऊन असं लवकर तापलं तर उशिराच्या ओटची दुसरी कापणी हाती लागत नाही. युरियाचा मारा करू नका, जास्त नत्र दिलेल्या कोवळ्या चाऱ्यात नायट्रेट साठतं आणि जनावराला विषबाधा होऊ शकते. कापून थोडा सुकवा, इतर वैरणीत मिसळून घाला. आणि ज्याच्याकडं जनावर नाही, बाजाराची हमी नाही, त्यानं केवळ ही पोस्ट वाचून पाच एकर पेरू नये. कांद्यानं एका वर्षात जे दिलं ते ओट देणार नाही. पण कांद्यानं ज्या वर्षी रडवलं, तसंही तो रडवणार नाही.

मग करायचं काय? माझ्या अल्पबुद्धीला चार गोष्टी दिसतात.

ज्यांच्याकडं रान आणि गाई दोन्ही आहेत, त्यांनी यंदा दहाच गुंठे लावून बघा. दुसरी कापणी वाळवा. मेमध्ये मला सांगा.

गावच्या दूध संस्थांनी राहुरीच्या वाणाचं खात्रीचं बी आणून दोन शेतकऱ्यांकडं बीजोत्पादनाला द्यावं, भाव आत्ताच ठरवावा. पेंड उधार देता, बी उधार द्यायला काय हरकत आहे?

बाजार समितीनं आठवड्यातून एक दिवस चाऱ्याचा बाजार भरवावा आणि तिथं चारा काट्यावरच विकला जावा. काटा आहे, आवार आहे, शेड आहे. उन्हाळ्यात तर निम्मं आवार मोकळंच असतं. नवीन काही बांधायचं नाही, फक्त ठराव करायचा आहे. निवडणुकीत मतं मागायला आलेल्या प्रत्येक संचालकानं 'शेतकऱ्याचा पोरगा' म्हणून हात जोडले होते. आता त्या पोरानं एक ठराव मांडावा.

आणि आम्ही पत्रकारांनी चाऱ्याची बातमी ऑक्टोबरात करावी. कुठल्या दुकानात कुठलं बी आलंय, उगवण किती, विद्यापीठाच्या विक्री केंद्रावर काय शिल्लक आहे, हे छापावं. मेमधल्या हवालदिल फोटोपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे. ही चूक माझी आहे, म्हणून सुरुवात मी या पोस्टनं केली.

परवा मावशी पुन्हा दिसल्या. एक गाय विकली म्हणाल्या. ज्या दिवशी जिची पाळी नसायची, ती गाय दावणीला हिसके देत हंबरायची. "ऐकवत नव्हतं रे," एवढंच बोलल्या. उरलेली गाय डिसेंबरात विणार आहे. पुढच्या मे महिन्यात ती भरात दूध देत असेल आणि तिला रोज पोटभर लागेल. मावशींना रान नाही, त्या काही पेरू शकत नाहीत. त्यांच्यासाठी पेरायचं ते आपल्यातल्या कुणीतरी, आणि त्यांना विकायचं ते काट्यावर मोजून.

पेरणीला अजून महिना हातात आहे. ज्यांनी आधी ओट लावलाय त्यांनी अनुभव खाली लिहा, चांगला, वाईट, जसा असेल तसा. कुणाकडं घरचं बी शिल्लक असेल तर तेही लिहा. घेणारी माणसं इथंच आहेत.